यकृत-स्वादुपिंडाचा कर्करोग : लढाई शस्त्रक्रियेआधीचीच

गोव्याचे तत्कालीन मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर यांना फेब्रुवारी २०१८ मध्ये मुंबईतील रुग्णालयात दाखल करण्यात आले. त्यानंतर अमेरिका आणि दिल्ली असे उपचारांचे टप्पे झाले. आजाराचे नाव मात्र राज्याच्या आरोग्यमंत्र्यांनी जाहीरपणे घेतले ते ऑक्टोबर २०१८ च्या अखेरीस : स्वादुपिंडाचा कर्करोग. १७ मार्च २०१९ रोजी पर्रीकर यांचे निधन झाले. एरवी केवळ मधुमेहाच्या संदर्भात ऐकू येणारा हा अवयव त्या वर्षभरात वृत्तपत्रांच्या पहिल्या पानावर आला आणि नंतर पुन्हा विस्मरणात गेला.

विस्मरणात जावा इतका हा आजार दुर्मीळ नाही. आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगभरात स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे सुमारे ५ लाख ११ हजार नवे रुग्ण आढळले आणि त्याच वर्षी सुमारे ४ लाख ६७ हजार रुग्ण त्याने दगावले. यकृताच्या कर्करोगाचे हेच आकडे अनुक्रमे ८ लाख ६६ हजार आणि ७ लाख ५८ हजार असे आहेत. नव्या रुग्णांची आणि मृतांची संख्या इतकी जवळजवळ असावी, यातच या दोन्ही कर्करोगांचे भयावह स्वरूप स्पष्ट होते.

या आकड्यांवरून वैद्यकशास्त्र येथे हतबल आहे, असा निष्कर्ष कोणी काढला तर तो मात्र चुकीचा ठरेल. गेल्या चाळीस-पन्नास वर्षांत या दोन अवयवांवरील शस्त्रक्रियेने जी मजल मारली आहे, ती शल्यशास्त्राच्या इतिहासात अपवादात्मक म्हणावी लागेल. प्रश्न आहे तो शस्त्रक्रियेच्या टेबलापर्यंत योग्य वेळी, योग्य तपासण्या होऊन आणि योग्य ठिकाणी पोहोचण्याचा. रुग्णाचे भवितव्य बरेचदा त्या आधीच्या काही आठवड्यांतच ठरून गेलेले असते.

मुके अवयव

यकृत आणि स्वादुपिंड हे दोन्ही अवयव मुक्याने दुखणे सोसणारे. यकृताची राखीव क्षमता एवढी मोठी की, त्याचा बराचसा भाग निकामी झाला तरी माणूस हिंडताफिरता राहतो. स्वादुपिंड जठराच्या मागे, पाठीच्या कण्याला लागून दडलेले. तेथील गाठ हाताला लागत नाही आणि साध्या सोनोग्राफीत आतड्यांतील वायूमुळे ती दिसेलच असेही नाही. परिणामी स्वादुपिंडाच्या कर्करोगाचे निदान होते, तेव्हा शंभरातील जेमतेम पंधरा ते वीस रुग्णच शस्त्रक्रियेयोग्य स्थितीत असतात.

तरीही हे अवयव अगदीच संकेत देत नाहीत असे नाही. स्वादुपिंडाच्या शीर्षभागातून पित्तनलिका जाते. तेथे गाठ झाली की नलिका दबते आणि कावीळ होते. पोट न दुखता, ताप न येता हळूहळू चढत जाणारी कावीळ, अंगाला सुटणारी खाज, पांढुरकी शौचास होणे आणि घटते वजन हा समुच्चय उतारवयातील व्यक्तीत दिसला, तर तो धोक्याचा इशारा समजावा. दुसरा संकेत मधुमेहाचा. वयाच्या पन्नाशीनंतर प्रथमच मधुमेह जडलेल्यांपैकी शंभरात साधारण एकाला पुढील तीन वर्षांत स्वादुपिंडाचा कर्करोग झाल्याचे आढळते. प्रमाण अल्प असल्याने प्रत्येक नव्या मधुमेहीचे सीटी स्कॅन करणे व्यवहार्य नाही. मात्र घराण्यात मधुमेह नसताना तो अचानक उद्भवला आणि त्याच वेळी वजनही उतरू लागले, तर केवळ साखरेच्या गोळ्या देऊन थांबणे योग्य नव्हे.

काविळीत हरवलेले आठवडे

महाराष्ट्रात काविळीकडे पाहण्याची एक जुनी रीत आहे. कावीळ म्हणजे ‘उतरवण्याची’ गोष्ट. त्यासाठी गळ्यात माळ घालणारे, नाकात रस पिळणारे, हातावरून पाणी सोडून ते पिवळे झालेले दाखवणारे गावोगावी आहेत, तसे ते शहरांतही आहेत. विषाणूजन्य कावीळ बहुतांश रुग्णांत काही आठवड्यांत आपोआप ओसरते आणि त्याचे श्रेय माळेला मिळते. नलिका दबल्याने झालेली कावीळ मात्र ओसरत नाही. एक माळ झाली, दुसरी झाली, पथ्य कडक केले, असे करता करता महिना-दीड महिना निघून जातो. वजन घटण्याचे कारण पथ्याच्या माथी मारले जाते. हा महिना किती मोलाचा होता, हे कळते तेव्हा तो परत आणता येत नाही.

हा दोष केवळ भाबड्या रुग्णांचा आहे, असे समजण्याचे कारण नाही. आधुनिक वैद्यकातही घाईचा एक प्रकार रूढ झाला आहे. कावीळ दिसताच एन्डोस्कोपीद्वारे पित्तनलिकेत स्टेंट, म्हणजे बारीक नळी, बसवली जाते. कावीळ उतरते आणि रुग्णालाही हायसे वाटते. पण त्याआधी योग्य सीटी स्कॅन झालेले नसेल, तर स्टेंटमुळे आणि त्यानंतरच्या दाहामुळे गाठीच्या सीमा धूसर होतात. शिवाय निर्जंतुक पित्तमार्गात जंतूंचा शिरकाव होतो. नेदरलँड्समधील २०२ रुग्णांच्या अभ्यासाचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. ज्यांच्यावर स्टेंटविना लवकर शस्त्रक्रिया झाली, त्यांच्यात गंभीर गुंतागुंतीचे प्रमाण ३९ टक्के होते. आधी स्टेंट बसवून मग शस्त्रक्रिया झालेल्यांत ते ७४ टक्के होते. पित्तमार्गात जंतुसंसर्ग झाला असेल, कावीळ फारच चढली असेल किंवा आधी केमोथेरपी द्यायची असेल, तर स्टेंट आवश्यकच ठरतो. सरसकट मात्र तो नको आणि स्कॅनच्या आधी तर नकोच, हा या अभ्यासाचा धडा आहे.

निदानाचा क्रम

स्वादुपिंडाच्या गाठीचा निर्णय मुख्यतः एका तपासणीवर होतो. ती म्हणजे शिरेत औषध सोडून, ठरावीक सेकंदांच्या अंतराने टिपलेले, बारीक छेदांचे सीटी स्कॅन. त्यात पाहायचे असते ते गाठीच्या आकाराइतकेच तिच्या शेजाऱ्यांकडे. आतड्यांना रक्त पुरवणारी मोठी रोहिणी आणि यकृताकडे रक्त नेणारी पोर्टल शीर या दोन्ही स्वादुपिंडाला चिकटून जातात. गाठ त्यांच्यापासून अलग आहे, त्यांना टेकली आहे की त्यांना वेढून बसली आहे, यावरून ती काढण्याजोगी, सीमारेषेवरची की न काढण्याजोगी हे ठरते. सीमारेषेवरच्या रुग्णाला आधी केमोथेरपी देऊन मग शस्त्रक्रियेचा विचार होतो. म्हणजे सर्वांत महत्त्वाचा निर्णय हातात चाकू घेण्यापूर्वी, स्कॅनच्या पडद्यासमोर होतो.

रक्तातील ‘सीए १९-९’ या घटकाची चाचणी उपयुक्त असली, तरी तिच्यावर एकटीवर विसंबता येत नाही. साध्या खड्याने झालेल्या काविळीतही हा घटक वाढतो आणि काही टक्के लोकांच्या शरीरात तो जन्मतःच तयार होत नाही. बायॉप्सीबाबतही असाच गैरसमज आहे. गाठ स्पष्टपणे काढण्याजोगी असेल आणि स्कॅनमधील चित्र नि:संदिग्ध असेल, तर तुकडा तपासण्यासाठी शस्त्रक्रिया लांबवण्याची गरज नसते. केमोथेरपी आधी द्यायची असेल किंवा क्षयरोग वा स्वादुपिंडाच्या अन्य दाहाची शंका असेल, तर एन्डोस्कोपीला जोडलेल्या सोनोग्राफीच्या साहाय्याने तुकडा घेणे इष्ट ठरते. शिवाय स्वादुपिंडाची प्रत्येक गाठ एका जातीची नसते. ‘अॅपल’चे संस्थापक स्टीव्ह जॉब्ज यांची गाठ संप्रेरके निर्माण करणाऱ्या पेशींची, तुलनेने संथ वाढणारी होती. ऑक्टोबर २००३ मध्ये निदान होऊनही त्यांनी शस्त्रक्रिया जुलै २००४ पर्यंत टाळली आणि पर्यायी उपचार केले. पुढे आजार यकृतात पसरला, २००९ मध्ये यकृतारोपण झाले आणि ऑक्टोबर २०११ मध्ये त्यांचे निधन झाले. त्या नऊ महिन्यांनी नेमका किती फरक पडला, याचा हिशेब कोणी छातीठोकपणे मांडू शकत नाही. पण पैसा आणि ज्ञान दोन्ही हाताशी असणाऱ्यालाही वेळेचा मोह पडतो, एवढे त्यातून दिसते.

यकृताच्या निदानाची तऱ्हा आणखी वेगळी. निरोगी यकृताचे बहुतेक पोषण पोर्टल शिरेतून होते, तर मूळच्या यकृत-कर्करोगाची गाठ प्रामुख्याने रोहिणीच्या रक्तावर पोसली जाते. त्यामुळे तीन टप्प्यांच्या स्कॅनमध्ये ती आधी उजळते आणि नंतर आजूबाजूच्या यकृतापेक्षा फिकी पडते. सिऱ्होसिस, म्हणजे यकृत कठीण व गाठाळ झालेला रुग्ण असेल आणि हे लक्षण स्पष्ट असेल, तर बायॉप्सीविनाच निदान पक्के मानले जाते. उलट अशा गाठीत सुई घातल्यास शंभरातील दोन-तीन रुग्णांत कर्कपेशी सुईच्या मार्गावर रुजण्याचा धोका असतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. यकृतात आढळलेली प्रत्येक गाठ यकृताचीच असते असे नाही. मोठ्या आतड्याचा कर्करोग अनेकदा तेथे पसरतो. एके काळी ही अखेरची अवस्था मानली जाई. आज निवडक रुग्णांत या गाठी काढून टाकल्यावर पाच वर्षे आणि त्याहून अधिक काळ आयुष्य लाभते. ‘यकृतात पसरला आहे’ या एका वाक्यावर आशा सोडून घरी परतण्यापूर्वी यकृत-शल्यविशारदाचे मत घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

शल्यविद्येची झेप

स्वादुपिंडाच्या शीर्षभागावरील शस्त्रक्रिया ‘व्हिपल’ या नावाने ओळखली जाते. बर्लिनमध्ये वॉल्टर काउश यांनी १९०९ मध्ये तशी शस्त्रक्रिया केली होती, पण न्यूयॉर्कच्या अॅलन व्हिपल यांनी १९३५ मध्ये आपले अनुभव प्रसिद्ध केल्यानंतर ती प्रस्थापित झाली. तीत स्वादुपिंडाचे शीर्ष, लहान आतड्याचा आरंभीचा भाग, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा खालचा भाग काढला जातो. मग उरलेले स्वादुपिंड, पित्तनलिका आणि जठर ही तिन्ही आतड्याला नव्याने जोडावी लागतात. यांतील पहिला जोड सर्वांत बेभरवशाचा. स्वादुपिंड मऊ असते, टाका धरत नाही आणि जोड गळू लागला की त्याचा पाचकरस शरीराच्याच ऊतींना पचवू लागतो. १९६०-७० च्या दशकांत या शस्त्रक्रियेनंतर चारांपैकी एक रुग्ण दगावत असे. आज अनुभवी केंद्रांत हे प्रमाण पाच टक्क्यांच्या खाली आले आहे.

यकृताच्या शस्त्रक्रियेला दिशा मिळाली ती फ्रेंच शरीररचनातज्ज्ञ क्लोद क्विनो यांच्यामुळे. रक्तवाहिन्यांच्या शाखांनुसार यकृताचे आठ स्वतंत्र विभाग पडतात, हे त्यांनी १९५७ मध्ये मांडले. मग रक्तस्रावाच्या भीतीने सरसकट कापण्याऐवजी नेमका विभाग काढणे शक्य झाले. यकृत पुन्हा वाढते, हे खरे असले तरी मागे पुरेसे उरले तरच. निरोगी यकृताचा निदान पाव हिस्सा आणि सिऱ्होसिसग्रस्त यकृताचा सुमारे चाळीस टक्के भाग शिल्लक राहावा लागतो. तेवढा उरणार नसेल, तर काढायच्या बाजूची पोर्टल शीर आधी बंद करून दुसरी बाजू काही आठवडे वाढू दिली जाते. जपानचे मासातोशी माकुउची यांनी १९८० च्या दशकात रुजवलेली ही युक्ती आता जगभर वापरात आहे. टोकियो विद्यापीठातील शल्यचिकित्सकांनी आठ वर्षांत १,०५६ यकृत-शस्त्रक्रिया एकही मृत्यू न होता केल्याचे २००३ मध्ये प्रसिद्ध केले. एके काळी रक्तस्रावाने बदनाम झालेल्या शस्त्रक्रियेने गाठलेली ही उंची होती.

यकृत पार निकामी झालेले असेल, तर गाठ कापून भागत नाही. प्रत्यारोपण करावे लागते. इटलीच्या मिलान शहरातील शल्यविशारदांनी १९९६ मध्ये त्याचे निकष घालून दिले. एकच गाठ असल्यास ती पाच सेंटिमीटरपर्यंत, किंवा जास्तीत जास्त तीन गाठी, प्रत्येकी तीन सेंटिमीटरपर्यंत. या मर्यादेतील ७५ टक्के रुग्ण चार वर्षांनंतर हयात होते. पण गाठ एवढी लहान असताना सापडली पाहिजे, ही अट पुन्हा वेळेपाशीच आणून सोडते.

कुठे, हा प्रश्न

या साऱ्या प्रगतीचा लाभ सर्वत्र सारखा मिळतो काय? अमेरिकेतील वृद्धांच्या सरकारी विमा योजनेतील नोंदींवर आधारित एक मोठा अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. स्वादुपिंडाच्या शस्त्रक्रिया वर्षाला सरासरी एकही न करणाऱ्या रुग्णालयांत मृत्युदर १६.३ टक्के होता, तर सोळाहून अधिक करणाऱ्या रुग्णालयांत ३.८ टक्के. म्हणजे चौपटीहून अधिक तफावत.

ही तफावत केवळ शल्यविशारदाच्या हाताची नाही. व्हिपलनंतर सातव्या-आठव्या दिवशी मध्यरात्री रक्तस्राव सुरू झाला, तर तो ओळखणारी परिचारिका, तत्काळ स्कॅन करणारा विभाग, रक्तवाहिनीत तार घालून स्राव थांबवणारा तज्ज्ञ, अतिदक्षता विभाग आणि रक्तपेढी या सर्वांची साखळी जागी असावी लागते. वर्षातून एकदा हा प्रसंग पाहणाऱ्या रुग्णालयात ती साखळी तयार होत नाही. गुंतागुंत मोठ्या केंद्रांतही होते. तेथे ती वेळीच हाताळली जाते, इतकेच.

नेदरलँड्सने हे ओळखून या शस्त्रक्रिया मोजक्या रुग्णालयांत एकवटण्यास सुरुवात केली. तेथील देशव्यापी मृत्युदर २००४ मधील ९.८ टक्क्यांवरून २००९ मध्ये ५.१ टक्क्यांवर आला. २०११ पासून वर्षाला किमान वीस व्हिपल शस्त्रक्रियांची अटच घालण्यात आली.

भारतात नेदरलँड्सची नक्कल जशीच्या तशी करता येणार नाही, हे उघड आहे. तो देश महाराष्ट्राच्या सातव्या हिश्श्याएवढाही मोठा नाही. गडचिरोली वा नंदुरबारच्या रुग्णाला परळचे टाटा स्मारक रुग्णालय गाठायचे म्हणजे प्रवास, मुक्काम, सोबतच्या माणसाची बुडालेली मजुरी असा सारा संसार पाठीवर घ्यावा लागतो. सर्वच रुग्ण मुंबईत लोटले, तर तेथील रांग हीच आजाराइतकी घातक ठरेल. परंतु यावरचे उत्तर प्रत्येक जिल्ह्यात व्हिपल शस्त्रक्रिया सुरू करणे हे नव्हे. निदान गावाजवळ, केमोथेरपी जिल्ह्याच्या ठिकाणी आणि शस्त्रक्रिया विभागातील एखाद-दुसऱ्या सुसज्ज केंद्रात, अशी विभागणी शक्य आहे. स्कॅनची चित्रे आज क्षणार्धात मुंबईतील तज्ज्ञांपर्यंत पोहोचू शकतात. देशभरातील कर्करोग रुग्णालयांना जोडणारी ‘नॅशनल कॅन्सर ग्रिड’ २०१२ पासून अस्तित्वात आहे. राज्याच्या महात्मा ज्योतिराव फुले जन आरोग्य योजनेचे संरक्षण दीड लाखावरून पाच लाख रुपयांवर नेण्याचा निर्णय २०२३ मध्ये झाला. पैसा सरकारचा असेल, तर अशा शस्त्रक्रियांसाठी किमान संख्या आणि मृत्युदराची जाहीर नोंद या अटी घालण्याचा अधिकारही सरकारचाच आहे. रुग्णालयाने वर्षभरात किती व्हिपल केल्या आणि त्यांतील किती रुग्ण घरी गेले, हे विचारण्याचा हक्क तर प्रत्येक नातेवाइकाला आहे. तो विचारताना संकोच वाटण्याचे कारण नाही.

चाकूच्या आधी आणि नंतर

शस्त्रक्रिया यशस्वी झाली म्हणजे लढाई संपली असेही नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फ्रान्स-कॅनडातील चाचणीत, शस्त्रक्रियेनंतर चार औषधांची एकत्रित केमोथेरपी घेतलेल्यांचे मध्यम आयुर्मान ५४.४ महिने होते, तर जुन्या एका औषधावर ते ३५ महिने होते. ती सोसण्याइतका रुग्ण सशक्त असावा लागतो, आणि पहिली शस्त्रक्रिया नेटकी झाली तरच तो तसा राहतो.

यकृताच्या बाबतीत त्याहून मोठी संधी प्रतिबंधाची आहे. तैवानने १९८४ मध्ये नवजात अर्भकांना हेपॅटायटिस ‘बी’ची लस देण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला. लहान मुलांतील यकृताचा कर्करोग त्यामुळे घटल्याचे १९९७ मध्ये सिद्ध झाले. कर्करोग लसीने टाळता येतो, याचा तो पहिला ठोस पुरावा. भारतात ही लस २०११ पासून देशभरच्या लसीकरणात आहे. जन्मानंतर चोवीस तासांत दिलेली पहिली मात्रा आईकडून बाळाकडे जाणारा संसर्ग रोखते, म्हणून ती चुकता कामा नये. हेपॅटायटिस ‘सी’ आता तोंडावाटे घेण्याच्या गोळ्यांनी बहुतांश रुग्णांत बरा होतो आणि २०१८ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय कार्यक्रमात हा उपचार मोफत मिळतो. मद्यपानाच्या जोडीला लठ्ठपणा आणि मधुमेहातून येणारे चरबीयुक्त यकृत हे शहरी मध्यमवर्गाच्या दारात उभे असलेले नवे संकट आहे. सिऱ्होसिस झालेल्यांनी दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी, हा नियम साधा आहे. मिलानच्या निकषांत बसणारी लहान गाठ सापडण्याचा तोच भरवशाचा मार्ग आहे.

स्वादुपिंडासाठी अशी सर्वांना लागू पडणारी चाळणी चाचणी आज उपलब्ध नाही. म्हणूनच तेथे सारा भार पडतो तो पहिल्या लक्षणावर आणि ते पाहणाऱ्या पहिल्या डॉक्टरवर. साठीतील गृहस्थ वा गृहिणी डोळे पिवळे झाल्याची तक्रार घेऊन येते, पोट दुखत नसते, वजन मात्र उतरलेले असते. त्या आठवड्यात गळ्यात माळ पडते, घाईने स्टेंट पडतो की हातात योग्य सीटी स्कॅनची चिठ्ठी पडते, यावर पुढचे बरेच काही अवलंबून आहे. काविळीची ती चिठ्ठी लिहिणे कोणत्याही तालुक्याच्या डॉक्टरला शक्य आहे आणि ती मागणे कोणत्याही कुटुंबाला.